ठिपक्यात मुरणारे पाणी

जायकवाडीचा २०८ किलोमीटरचा डावा कालवा पाथरी, मानवत ओलांडून परभणीपर्यंत येतो, तेव्हा तो शेवटाला आलेला असतो. टेलच्या पाणी वापर संस्थांना तिथे प्रत्येक घनमीटरचा हिशोब द्यावा लागतो. २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने पाणी वापर संस्थेला पाणी मोजून द्यायचे ठरले, आणि मोजणी म्हणजे प्रवाह गुणिले वेळ. प्रवाहावर आपल्याकडे वाद भरपूर होतात: फ्लूमची (पाणी मोजण्याच्या नालीची) पट्टी बरोबर आहे का, गाळ साचलाय का, पातळी कोणी वाचली. वेळेबद्दल मात्र कोणी काही विचारत नाही. पाटकऱ्याने वहीत लिहिलेली वेळ संस्थेचा सचिव संगणकावरच्या तक्त्यात उतरवतो आणि काम संपते. आमच्या मते हिशोबातली सर्वांत स्वस्तात दुरुस्त होणारी चूक याच उतरवण्यात आहे.

कीबोर्डच्या उजवीकडच्या अंकपट्टीवर ठिपका आहे, वेळेचे दोन टिंबांचे चिन्ह नाही. ते हवे तर दरवेळी शिफ्ट दाबावी लागते. शंभर नोंदी करणारा माणूस ठिपकाच देणार. (मराठी कळफलकावर विसर्ग देणारेही आहेत. तो दिसतो तसाच, पण तक्ता त्याला मजकूर समजतो.) ठिपका दिला की साडेसहा तासांचे ६.३० संगणकाला ६.३ होते, म्हणजे ६ तास १८ मिनिटे. बारा मिनिटे गेली. सेकंदाला ३० लिटर, म्हणजे साधारण एक क्युसेक प्रवाह धरला तर एका नोंदीत २१.६ घनमीटर पाणी कागदावरून नाहीसे झाले. ६.१५ मध्ये सहा मिनिटे जातात, ६.४५ मध्ये अठरा. त्या रकान्याला नंतर वेळेचे स्वरूप दिले तर आणखीच गंमत: तक्ता पूर्ण दिवसाला १ मानतो, त्यामुळे ६.३० चे तो ०७:१२ करून दाखवतो.

यावर जाणकारांचा आक्षेप ठरलेला आहे: फ्लूमची पातळीच जिथे नेमकी वाचली जात नाही, तिथे दहा-बारा मिनिटांचे काय घेऊन बसलात? आक्षेप वजनदार आहे, पण तो दोन वेगळ्या चुका एकाच मापाने मोजतो. पातळी वाचताना कधी जास्त, कधी कमी होते आणि हंगामभरात बरेचसे फिटते. ठिपक्याने लिहिलेला कालावधी मात्र नेहमी कमीच भरतो, कारण साठाने भागायची मिनिटे शंभराने भागली जातात. विमोचकांवरची बेरीज त्यामुळे संस्थेच्या मुखाशी मोजलेल्या पाण्यापेक्षा कमी येते आणि तो फरक आपण वहनव्ययात, म्हणजे वाटेतल्या गळतीत, टाकतो. गळती चारीत नसून रकान्यात असते. जिथे सुरुवात आणि शेवट लिहून वजाबाकी करतात तिथे चूक उलटीही जाते. ९.४५ ते १०.१५ हा अर्धा तास, पण उत्तर येते ०.७०, म्हणजे ४२ मिनिटे. एका शेतकऱ्याच्या नावावर बारा मिनिटांचे पाणी फुकट चढते.

उपाय वेगाच्या विरोधात नाही. वेळ रेल्वे टाइमने, कोणतेही चिन्ह न देता टाइप करावी: २२४०, ३१५. शेजारच्या रकान्यात सूत्राने शंभराने भागून भागाकाराचे तास आणि बाकीची मिनिटे करावीत. बाकी ६० किंवा जास्त असेल, किंवा आकडा २३५९ च्या वर जात असेल, तर तक्त्याने नोंद नाकारावी. ही व्यवस्था एकदाच बसवायची आहे. खरी अडचण मध्यरात्रीची. रात्रपाळीत २२:४० ला उघडलेले विमोचकाचे दार ०३:१५ ला बंद झाले तर वजाबाकी ऋण येते आणि एक्सेल नुसत्या चौकड्या दाखवतो. फरक ऋण असेल तर एक दिवस मिळवा, म्हणजे ४ तास ३५ मिनिटे मिळतील. हा तोडगा चोवीस तासांच्या आतच चालतो; दार २६ तास उघडे राहिले तर तो २ तासच दाखवेल. म्हणून तारखेचे दोन रकाने हवेतच, टाइप करण्याचा कंटाळा आला तरी. एकूण बेरजेच्या चौकटीत तासाच्या खुणेला चौकटी कंस द्यायलाही विसरू नये, नाहीतर चोवीसच्या पटीतले तास दिसेनासे होतात.

कंट्रोल, शिफ्ट आणि अर्धविरामाची कळ एकत्र दाबून वेळ आपोआप टाकावी, असेही सुचवले जाते. ती वेळ सचिव खुर्चीत बसल्याची, दार उघडल्याची नव्हे. पाटकऱ्याच्या वहीला पर्याय नाही, आणि त्याने वहीत ठिपका दिला तरी बिघडत नाही. माणूस तो बरोबर वाचतो. फ्रान्सने १७९३ मध्ये दिवसाचे दहा तास करून पाहिले आणि १७९५ मध्ये तो हुकूम मागे घेतला. आपल्या तक्त्यांत मात्र त्या दशमान वेळेचे राज्य अजून चालू आहे. चारीच्या अस्तरीकरणाचा प्रस्ताव लिहिण्याआधी सचिवांनी मागच्या हंगामाची फाइल उघडावी, वेळेच्या रकान्यातले ठिपके शोधावेत आणि वहनव्यय पुन्हा काढावा.