गॅलरी आणि गोत्र

चाळींतल्या बिऱ्हाडाला दोन खोल्या असतात, असें ज्यांनीं चाळ बाहेरूनच पाहिली ते म्हणतात. आंत राहिलेल्या माणसाला मात्र ठाऊक असतें कीं, उंबऱ्याबाहेरची गॅलरी ही घराची तिसरी खोली होय. सकाळीं तेथें वर्तमानपत्राचीं पानें वांटून घेतलीं जात, दुपारीं पापड-कुरडया वाळत, दिवेलागणीला मुलांचा परवचा चाले आणि रात्रीं उकाड्यानें बेजार झालेले पुरुष तेथेंच वळकट्या सोडीत.

गिरगांवांत हें दृश्य आतां विरळ होत चाललें आहे. १९४७ च्या भाडे-नियंत्रण कायद्यानें जुन्या घरांचीं भाडीं १९४० सालच्या पातळीवर बांधून टाकलीं. भाडेकरूंना आधार मिळाला, पण दुरुस्तीवर पैसा घालण्याचें मालकांना कारण उरलें नाहीं. जिने झिजले, तुळयांना टेकू लागले, आणि आतां एकामागून एक चाळी पाडून त्यांच्या जागीं उंच इमारती उभ्या राहत आहेत. नव्या घरांत स्वतःचा नळ असतो, स्वतःचा संडास असतो, बंद करतां येईल असें दार असतें. यांत वाईट कांहींच नाहीं. चाळ आठवून उसासे टाकणाऱ्या पुरुषांनीं पहाटे उठून नळावर हंडे कोण भरीत असे, हें एकदां आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्या बायकांना विचारावें.

मात्र गॅलरीची आणखी एक कामगिरी होती, आणि चाळीच्या आठवणी लिहिणारे ती सहसा सांगत नाहींत. तरुण मुलगा आणि तरुण मुलगी तेथें एकमेकांना दिसत, आणि या दिसण्याला कोणाची परवानगी लागत नसे.

माझी आत्या अशीच एकाला दिसली. साल १९५८. मी तेव्हां दहा वर्षांचा होतों. आत्या विल्सन कॉलेजांत शेवटच्या वर्षाला होती. समोरच्या चाळींतले ते गृहस्थ एका बँकेंत नोकरीला होते, आणि घरीं विधवा आई. दोघांनाही वाचनाचा नाद. वाचनालयांतून आणलेलीं पुस्तकें या चाळींतून त्या चाळींत पोंचविण्याचें काम माझ्याकडे असे. पुस्तकांत खूण म्हणून बसचें तिकीट घातलेलें असे आणि त्याच्या पाठीवर पेन्सिलीनें एक वेळ लिहिलेली असे; त्याहून अधिक एक अक्षर नाहीं. त्या वेळीं दोघें प्रार्थना समाजाच्या चौकांत भेटत आणि चर्नी रोड स्टेशनपर्यंत चालत जात. साराच प्रणय एवढाच. जातिभेद आणि रूढी मोडण्यासाठीं ज्या संस्थेची १८६७ सालीं या शहरांत स्थापना झाली, तिचें नांव त्या चौकाला आहे. आज तें नांव बसच्या थांब्यापुरतें उरलें आहे, आणि तेव्हांही आमच्या घरांत त्याचा याहून निराळा उपयोग होत नसे.

दोघेंही एकाच पोटजातीचीं, शिकलेलीं, शेजारचीं. पत्रिका जमल्या. पण दोन्हीं घरांचें गोत्र शांडिल्य निघालें. आम्हां कोंकणस्थांत गोत्रें अवघीं चौदा. तेव्हां असा प्रसंग कोणाच्या ना कोणाच्या घरीं यायचाच.

आजोबांना सारे नाना म्हणत. ते एका सॉलिसिटरच्या कचेरींत होते, त्यामुळें कायदा त्यांना कोणीं सांगण्याची गरज नव्हती. सगोत्र विवाहाची अडचण १९४६ च्या कायद्यानेंच दूर केली होती. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें तर गोत्राचा विचारच सोडून दिला आणि पित्याकडून पांच व मातेकडून तीन पिढ्यांपर्यंतचे सपिंड संबंध व कांहीं निषिद्ध नातीं तेवढीं वर्ज्य ठेवलीं. नाना म्हणाले, "कायदा परवानगी देतो, आज्ञा देत नाहीं. हिच्या पाठच्या दोघी अजून उजवायच्या आहेत." नानांना निष्ठुर म्हणणें सोपें आहे. परंतु त्या दोघींना स्थळें पाहतांना लोक काय विचारतील, हें त्यांनाच ऐकावें लागणार होतें.

शेवटीं उपाध्यायांनीं तोड काढली. मुलगी मामाच्या मांडीवर द्यावी. मामाच्या गोत्रानें कन्यादान झालें, म्हणजे दोष राहत नाहीं. नानांनीं दोन दिवस विचार करून मान डोलावली. समोरच्या घरींही होकार आला. घरांत हायसें वाटलें, आजीनें देवापुढें साखर ठेवली.

आत्या मात्र म्हणाली, "नाना, मी तुमची मुलगी नाहीं, असें अग्नीसमोर म्हणवून घेऊन मला लग्न करायचें नाहीं. गोत्र आड येत असेल तर सरळ नाहीं म्हणा. येत नसेल तर सरळ हो म्हणा."

नाना कांहींच बोलले नाहींत. समोरच्या घरीं सरळ हो म्हणण्याची तयारी नव्हती. नोंदणी विवाहाची वाट १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानें मोकळी होती. पण त्या वाटेनें जायचें तर त्या गृहस्थांना आईला सोडावें लागलें असतें, आणि तिला त्यांच्यावांचून कोणी नव्हतें. पुढच्या वर्षीं ते डोंबिवलीला राहायला गेले. तेथेंच त्यांचें लग्न झालें. आत्या शाळेंत शिक्षिका झाली. तिच्या पाठच्या दोघींचीं लग्नें यथाकाल झालीं. ती स्वतः अखेरपर्यंत आमच्यांतच राहिली, आमच्या मुलांचे अभ्यास तिनेंच घेतले, आणि या विषयावर ती पुन्हा बोलल्याचें मला आठवत नाहीं.

मीं मात्र पुढें या गोत्राचा हिशेब मांडून पाहिला. प्रत्येक माणसाला दोन आईबाप, चार आजे-आज्या. याप्रमाणें मागें जात गेलें तर दहाव्या पिढींत पूर्वजांच्या १,०२४ जागा होतात आणि विसाव्या पिढींत १०,४८,५७६. गोत्र या लाखों जागांपैकीं बापाच्या बापाची अशी एकच ओळ सांगतें. बाकीच्या साऱ्या पूर्वजांविषयीं, आणि त्यांतल्या सगळ्या आयांविषयीं, तें मुकें आहे. उलट सख्ख्या मामाची मुलगी घ्या: तिच्या-आपल्या रक्ताचा सरासरीनें आठवा हिस्सा एक असतो. तरी तिचें गोत्र वेगळें असतें, आणि देशावरच्या कित्येक घरांत मामेबहीण करून घेण्याची चाल होती. रक्ताची शुद्धता हें कारण असतें तर नियम नेमका उलटा असायला हवा होता. गोत्र ही कुळाची आठवण आहे. तिचा मान जरूर ठेवावा. मात्र वैद्यकशास्त्राचें काम तिच्याकडे सोंपवूं नये.

हें सारें आज लिहिण्याचें कारण असें कीं, माझ्या पुतण्याच्या मुलीनें आपल्यासाठीं जो मुलगा पसंत केला आहे, त्याचेंही गोत्र आमचेंच निघालें. इतक्या वर्षांनीं उपाध्याय बदलले, तोड मात्र तीच: मामाकडून कन्यादान करवा. घरांतल्या बहुतेकांना तें सोयीचें वाटलें. मुलीला भांडावें लागणार नाहीं, वडील मंडळींना माघार घ्यावी लागणार नाहीं आणि मांडवांतल्या पाहुण्यांना कांहीं कळणारही नाहीं. अशा वेळीं माझ्या वहिनींनीं तोंड उघडलें. त्यांनीं आत्याबरोबर चाळीस वर्षें एक स्वयंपाकघर चालविलें होतें. त्या म्हणाल्या, "या घरांत एका मुलीनें हेंच नाकारून जन्म काढला. आतां तेंच करायचें, तर तिचें नाकारणें फुकट गेलें म्हणायचें. मुलगा चांगला असेल तर गोत्रोच्चार दोन्हींकडून एकच होऊं द्या, आणि मोठ्यानें होऊं द्या."

तसेंच ठरलें आहे. उपाध्याय आधीं कुरकुरले. मग त्यांनींच मुहूर्त काढून दिला.

वाचकहो, आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं असा प्रश्न आज ना उद्यां येईल. आपण नकार द्याल कीं होकार, हें ज्याच्या-त्याच्या श्रद्धेवर राहील, आणि श्रद्धेनें दिलेला नकारही मला समजूं शकतो. आपल्या मुलीला मात्र एवढें जरूर सांगा कीं, तुझें लग्न मांडवांत कोणाची तरी दुसऱ्याची मुलगी म्हणून होणार नाहीं.