रकमनची रक्कम

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये मेलबर्नच्या एमसीजी मैदानावर भारत आणि पाकिस्तान समोरासमोर आले होते. विराट कोहलीचे नाबाद ८२ आणि शेवटच्या चेंडूवर मिळालेला विजय आपल्या घराघरांत आजही आठवला जातो. नव्वद हजारांहून जास्त माणसे त्या दिवशी तिथे जमली होती. त्याच महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात त्याच शहरात आणखी एक गडबड चालली होती. तिच्याकडे आपल्याकडे कुणी पाहिले नसेल. हिवाळाभर ज्या खेळाने ते मैदान भरते, त्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या क्लबांमध्ये खेळाडूंची देवघेव सुरू होती. त्या बाजारात ब्रॉडी ग्रंडी नावाचा अठ्ठावीस वर्षांचा, दोन मीटरहून उंच, एकेकाळी देशात सर्वोत्तम गणला गेलेला खेळाडू एका क्लबाने दुसऱ्याला देऊन टाकला. वर त्याच्या पगाराचा काही हिस्सा आपणच भरू, असेही कबूल केले. चांगली म्हैस विकावी आणि चाऱ्याचे पैसेही आपणच द्यावेत, असा हा सौदा. तो का झाला, हे समजून घेण्यासारखे आहे.

आधी खेळाविषयी थोडे. क्रिकेटच्या मैदानावर खेळतात, प्रत्येक बाजूचे अठरा. चेंडू लांबट. लाथेने मारा किंवा मुठीने ठोसून पुढे द्या. हाताने फेकणे मात्र चालत नाही. टोकाला चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेने मारलेला चेंडू गेला की सहा गुण, बाजूच्या खांबांतून गेला की एक. १८५९ मध्ये मेलबर्नच्या क्रिकेटवाल्यांनी याचे नियम लिहून काढले. हिवाळ्यात अंग सुटू नये, हा त्यांचा एक हेतू होता.

खेळ सुरू करायचा किंवा अडकलेला चेंडू मोकळा करायचा, तर पंच तो मध्ये उंच उडवतो. पिढ्यान्‌पिढ्या ही उडी जमिनीवर आपटून घेतली जात असे. त्या चेंडूखाली दोन्ही संघांचा एकेक उंच गडी धावत येऊन उडी मारतो. त्यालाच म्हणतात रकमन. त्याने चेंडू पकडायचा असे नव्हे. बोटांनी असा ढकलायचा की खाली घुटमळणाऱ्या आपल्या बुटक्या, चपळ साथीदाराच्या हातात तो अलगद पडावा. पुढची धाव, लाथ, गोल आणि वर्तमानपत्रातला फोटो त्या साथीदाराचा. सामन्यात अशा पन्नासेक उड्या मारायच्या, दर वेळी शंभर किलोच्या माणसाशी छातीला छाती, गुडघ्याला गुडघा भिडवायचा, आणि मधल्या वेळात एवढ्या मोठ्या मैदानभर पळायचेही. धावत येणाऱ्या दोन रकमनांचे गुडघे आपटून स्नायुबंध फाटण्याचे प्रकार इतके वाढले की त्यांची धाव आखूड करायला मैदानाच्या मध्यभागी दहा मीटरचे आणखी एक वर्तुळ आखावे लागले.

आता बाजार. आपल्याला आयपीएलचा लिलाव ठाऊक आहे. तिथे रक्कम बोलली जाते. २०२३ मध्ये हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबईला परतला तोही पैशांच्या बदल्यात. ऑस्ट्रेलियात लिलाव नाही. दरवर्षी अठरा वर्षांची होणारी होतकरू मुले क्लब क्रमाने निवडतात, आणि तळाच्या क्लबाला पहिली संधी मिळते. सर्व खेळाडूंच्या पगाराची एकूण मर्यादाही लीगने बांधून दिलेली आहे. म्हणून क्लब आपसात पैशाने नव्हे, तर या निवडींच्या क्रमांकांनी व्यवहार करतात: तुमचा खेळाडू आम्हांला द्या, आमचा सत्ताविसावा क्रमांक तुम्ही घ्या. करारातल्या खेळाडूला त्याच्या संमतीशिवाय पाठवता येत नाही, असा तेव्हाचा नियम होता. निकाहात कबुली लागते तशी इथेही लागते, एवढी बाब आम्हांला बरी वाटते. पण दाराशी सामान बांधून ठेवलेल्या माणसाच्या कबुलीला किती वजन असते, तेही आपण जाणतोच.

ग्रंडीला कॉलिंगवुडने २०१२ मध्ये अठराव्या क्रमांकावर निवडले होते. २०१८ आणि २०१९ अशी सलग दोन वर्षे तो साऱ्या लीगच्या सर्वोत्तम संघात होता. २०२० च्या सुरुवातीला क्लबाने त्याच्याशी सात वर्षांचा करार केला, थेट २०२७ पर्यंतचा. रकमनसाठी एवढी लांब मुदत क्वचितच कुणी देते. मग पगाराची मर्यादा आवळू लागली. २०२२ च्या एप्रिलमध्ये ग्रंडीचा गुडघा दुखावला, तोच रकमनांचा नेहमीचा स्नायुबंध. त्याच्या जागी डार्सी कॅमरन उभा राहिला. हा कॅमरन सिडनीकडून आला होता आणि तिथे त्याच्या वाट्याला एकच सामना आला होता. ग्रंडीशिवाय कॉलिंगवुड जिंकत गेले, अंतिम फेरीपासून एका गुणाने दूर राहिले. हिशेब करणाऱ्यांनी हिशेब केला: एवढ्या महाग माणसाचे काम स्वस्त माणूस करतो, तर महाग माणूस कशाला? सत्ताविसाव्या क्रमांकाच्या बदल्यात ग्रंडी मेलबर्न क्लबाकडे गेला. पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, कॉलिंगवुडने चार गुणांनी विजेतेपद पटकावले. रकमनच्या कामात कॅमरन आणि मेसन कॉक्स. हा कॉक्स अमेरिकेत कॉलेजात बास्केटबॉल खेळणारा, २११ सेंटीमीटर उंच. वीस वर्षांचा होऊन गेला तरी त्याने या खेळाचा चेंडू हातात धरला नव्हता.

मेलबर्नकडे मॅक्स गॉन होता. जवळजवळ सहा फूट दहा इंच उंच, लांब दाढीचा, संघाचा कप्तान, २०२१ मध्ये ५७ वर्षांनी क्लबाला विजेतेपद मिळवून देणारा. त्याच्याबरोबर ल्यूक जॅक्सन हा तरुण रकमन होता, तो त्याच ऑक्टोबरात फ्रीमँटलला निघून गेला. रिकाम्या जागी ग्रंडी आला. पण एका म्यानात दोन तलवारी कशा राहणार? चेंडूखाली एका वेळी एकच रकमन उडी मारतो. दुसऱ्याला पुढे जाऊन गोल करावे लागतात, आणि ते ग्रंडीला जमले नाही. हंगामाच्या शेवटी त्याला दुय्यम संघात खेळावे लागले. मेलबर्न निर्णायक फेरीचे दोन्ही सामने हरले, एक सात गुणांनी, दुसरा दोन गुणांनी, आणि ग्रंडी दोन्हींत नव्हता. मग तो सिडनीला गेला. या वेळचा मोबदला: सेहेचाळीसावा क्रमांक आणि पुढच्या वर्षीची दुसऱ्या फेरीतली एक निवड. वर्षभरात सिडनी अंतिम सामन्यात होती आणि तिचा मुख्य रकमन होता ग्रंडी. तो सामना ब्रिस्बेनकडून साठ गुणांनी गेला, हा भाग वेगळा.

आता शेजारी दुसरा सौदा ठेवू. ॲडम साद हा लेबनीज वंशाचा, दीनदार मुसलमान खेळाडू. बचावातून सुसाट पळत निघणे ही त्याची ओळख. २०२० च्या अखेरीस तो एसेंडनकडून कार्लटनला गेला, तेव्हा एसेंडनला मिळालेला मुख्य मोबदला होता आठवा क्रमांक. म्हणजे साद आठव्याला आणि दोनदा सर्वोत्तम ठरलेला ग्रंडी सत्ताविसाव्याला! यावरून साद मोठा, ग्रंडी लहान असे मात्र ठरत नाही. ग्रंडीबरोबर पाच वर्षांचा भारी पगारही येत होता, आणि घेणारा क्लब पगार पाहूनच क्रमांक सोडतो. ल्यूक जॅक्सन रकमनच. पण तो एकवीस वर्षांचा होता, म्हणून मेलबर्नला त्याच्यासाठी पहिल्या फेरीच्या दोन निवडी मिळाल्या. बाजारात वय आणि पाठीवरचे ओझे आधी तोलले जाते, हुन्नर नंतर.

रकमन स्वस्त पडण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते आम्हांला शिक्षक म्हणून जास्त ओळखीचे वाटते. उंच मुले उशिरा पिकतात. अठराव्या वर्षी हातपाय लांब, पण अंगात जोर नाही, चाल बेंगरूळ. चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी तोच गडी भिंत होतो. (वर्गात आपण उंच मुलाला मागच्या बाकावर बसवतो आणि मग तोच दुर्लक्ष करतो म्हणून ओरडतो.) एवढी वर्षे वाट पाहायला क्लब तयार नसतात. मॅक्स गॉन २००९ मध्ये चौतिसाव्या क्रमांकावर निवडला गेला. गुडघ्याच्या दोन मोठ्या शस्त्रक्रिया भोगून मग तो गॉन झाला. वेस्ट कोस्टचा डीन कॉक्स आणि फ्रीमँटलचा ॲरन सँडिलँड्स यांना मुख्य निवडीत कुणी विचारलेही नव्हते. नवशिक्यांच्या उरलेल्या यादीतून ते आले आणि आपल्या पिढीतले अव्वल रकमन ठरले. तोच कॉक्स २०२४ च्या अखेरीस सिडनीचा मुख्य प्रशिक्षक झाला, म्हणजे ग्रंडीच्या डोक्यावर आता खऱ्या रकमनचा हात आहे. थोडक्यात, पोसायचे एकाने आणि पिकल्यावर उचलायचे दुसऱ्याने. रिचमंडने २०१६ मध्ये सिडनीत मागे पडलेला टोबी नॅनकर्व्हिस सेहेचाळीसाव्या क्रमांकाला उचलला. २०१७, २०१९ आणि २०२० अशी तीन विजेतेपदे त्याने रिचमंडसाठी जिंकली.

त्या तिन्ही संघांत त्याच्या बाजूला बाशर हूली होता. लेबनीज माता-पित्यांचा मेलबर्नमध्ये जन्मलेला मुलगा, नमाज-रोज्याचा पाबंद, आणि ते कधी न लपवणारा. २०१० मध्ये एसेंडन सोडून तो रिचमंडला आला तेव्हा कुठला मोठा सौदा झाला नाही. हंगामाआधीच्या छोट्या निवडप्रक्रियेतून रिचमंडने त्याला घेतले, एसेंडनच्या हाती काही लागले नाही. अशा फुकट आलेल्या माणसाने तीन विजेतेपदे तर मिळवलीच, वर त्याच्या नावाची संस्था आज मुसलमान मुलांना या खेळात आणण्याचे काम करते. त्याच्या खेळण्याच्या काळातच एमसीजीवर प्रार्थनेसाठी खोली झाली. हे कोणत्या क्रमांकात मोजणार?

उलट्या टोकाला टॉम बॉयड. २०१३ चा पहिल्या क्रमांकाचा मुलगा, दोन मीटर उंच. पुढच्या फळीत खेळणारा, गरज पडल्यास रकमन. एकच हंगाम झाला आणि २०१४ च्या अखेरीस वेस्टर्न बुलडॉग्जने त्याला मिळवण्यासाठी सहावा क्रमांक दिला आणि जाऊ इच्छिणारा आपला कप्तान रायन ग्रिफेनही दिला. मुलाचे वय एकोणीस. सात वर्षे, वर्षाला सुमारे दहा लाख डॉलर, असे तेव्हाच्या बातम्यांत आले. त्यानंतर तो मैदानावर आला की लोक त्याचा खेळ बघत नसत, भागाकार करत. २०१६ च्या अंतिम सामन्यात त्याने तीन गोल केले. शेवटचा तर इतक्या लांबून की चेंडू टप्पे घेत खांबांमधून गेला. १९५४ नंतर बुलडॉग्जचे ते पहिले विजेतेपद. सगळी रक्कम वसूल झाली, असे त्या रात्री लोक म्हणाले. पुढच्याच वर्षी नैराश्यामुळे त्याला खेळ थांबवावा लागला. तो परतला, पुन्हा अडखळला, आणि २०१९ च्या मे महिन्यात तेविसाव्या वर्षी त्याने निवृत्ती जाहीर केली. करार २०२१ पर्यंत होता. राहिलेल्या वर्षांचा पैसा त्याने सोडून दिला.

बॉयडविषयी वाचले तेव्हा आम्हांला दहावीच्या निकालाच्या दिवसांतली घरे दिसली. टक्केवारी मुलाच्या कपाळावर चिकटवली जाते. मामा, खाला, शेजारी सगळे तिथेच बघतात. बॉयडच्या कपाळावर तर भरलेल्या स्टेडियमने रक्कम चिकटवली होती. क्लबांना आम्ही सरसकट दोष देणार नाही. मर्यादा सगळ्यांना सारखी आहे, आणि ग्रंडीला घालवून कॉलिंगवुड जिंकले हे खरेच आहे. पण सात वर्षांचा शब्द देऊन दोन हंगामांत तो मोडायचा आणि त्याला व्यवहार म्हणायचे, हे आमच्या गळी उतरत नाही. दुखापत झालेल्याची जागा भरून काढणे वेगळे, आणि दुखापत झाली तेव्हा त्याची किंमत काढणे वेगळे. ग्रंडीनंतर गुडघा धरून खाली बसणारा प्रत्येक रकमन हा फरक ओळखून असेल.

हा खेळ मार्च ते सप्टेंबर चालतो. घरातल्या मुलांनी मोबाईलवर कधी लावलाच, तर त्यांना एक करायला सांगा. पंचाने चेंडू उडवला की चेंडूमागे डोळे न पळवता क्षणभर त्या दोन उंच माणसांकडे पाहा. चेंडू केव्हाच दुसऱ्याच्या हातात गेलेला असतो, प्रेक्षक त्याच्या मागे ओरडत असतात. ते दोघे धुळीतून उठतात, एकमेकांना हात देतात आणि पुढच्या उडीसाठी जड पावलांनी पळू लागतात.