माथेरान जपले, पण कोणाच्या खांद्यावर?

ब्रिटिश राजवटीत वसलेली आणि आपले मूळ रूप बऱ्याच अंशी टिकवून असलेली गावे महाराष्ट्रात फारशी उरलेली नाहीत. माथेरान त्यांपैकी एक. ठाण्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट यांच्यामुळे १८५० मध्ये हा डोंगरमाथा प्रकाशात आला. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या पुढाकाराने नेरळहून छोटी रेल्वे वर पोहोचली. त्यानंतर लोणावळा आणि महाबळेश्वर मोटारींनी गजबजले. माथेरानमध्ये मात्र तांबड्या मातीचे रस्ते आणि गर्द झाडीतले जुने बंगले टिकून राहिले.

याचे श्रेय केवळ रसिकतेला देता येणार नाही. गावात मोटारींना मज्जाव आहे. केंद्र सरकारने २००३ मध्ये हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला आणि बांधकामांवर बंधने आली. परंतु गावाचे खरे रक्षण केले ते गैरसोयीने. पर्यटकांची वाहने दस्तुरी नाक्यावर थांबतात. पुढची सुमारे अडीच किलोमीटरची वाट पायी, घोड्यावर किंवा हातरिक्षातून कापली जात असे. ज्यांना चालणे शक्य नाही, त्यांना आणि त्यांच्या सामानाला चढावर ओढून नेणारी माणसे हा या व्यवस्थेचा न बोललेला भाग होता.

त्यावर सर्वोच्च न्यायालयाने ६ ऑगस्ट २०२५ रोजी बोट ठेवले. माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा अमानवी असल्याचे सांगून सहा महिन्यांत ती बंद करण्याचे आदेश न्यायालयाने राज्य सरकारला दिले. ई-रिक्षा खऱ्या हातरिक्षाचालकांनाच मिळाव्यात आणि निधी नसल्याची सबब पुढे करू नये, असेही बजावले. दस्तुरी नाका ते शिवाजी पुतळा या मुख्य मार्गावर पेव्हर ब्लॉकला मुभा देताना अंतर्गत रस्त्यांवर मात्र ते बसवू नयेत, असे स्पष्ट केले.

हा आदेश स्वागतार्हच आहे. डिसेंबर २०२२ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षा सुरू झाल्यापासून त्यांचे महत्त्व विद्यार्थ्यांना, रुग्णांना आणि ज्येष्ठांना पटलेले आहे. मात्र सोय वाढली की गर्दी वाढते, याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. ई-रिक्षांची संख्या मागणीनुसार वाढत गेली, तर घोड्यांवर पोट असलेल्या कुटुंबांचा रोजगार आटेल. शिवाय आणखी रस्ते पक्के करण्याचा आग्रह सुरू होईल. मातीचा रस्ता एकदा झाकला गेला, की मोटारींना अडवण्याचे एक नैसर्गिक कारणही संपते.

म्हणूनच हातरिक्षा जाताना दोन प्रश्नांची उत्तरे हवीत. ई-रिक्षाचा परवाना प्रत्यक्ष ओझे वाहिलेल्याच्या हाती राहील की ठेकेदाराच्या? आणि एका दिवशी किती पर्यटक, किती वाहने आणि किती कचरा हा डोंगर पेलू शकतो, हे ठरवणार कोण? आजवर गैरसोय हीच माथेरानची मर्यादा होती आणि तिची किंमत गरिबाने मोजली. आता ती मर्यादा शासनाने आणि नगरपालिकेने नियमांनी घालायची आहे. ती घातली गेली नाही, तर हातरिक्षाचालकाची वेठ संपेल, पण ज्यासाठी लोक इथे येतात ते माथेरान उरणार नाही.