हिशेब आपला, कुलूप दुसऱ्याचे

तालुक्यातल्या एका दूध संस्थेत गेल्या पावसाळ्यात घडलेली गोष्ट. फॅट, एसएनएफ, दहा दिवसांचे बिल, पशुखाद्याची कपात, सगळे संगणकावर. एके सकाळी संगणक सुरू झाला, पण सॉफ्टवेअर उघडेना. वार्षिक करार संपला होता आणि नव्या कराराचा दर वाढवून मागितला होता. सचिवांनी विनवले, "निदान मागच्या चार वर्षांचा हिशेब तरी काढून द्या." उत्तर आले, तो दुसऱ्या कशात उघडत नाही. बिलाची तारीख तोंडावर. सभासद दारात. शेवटी मुकाट्याने पैसे भरले. सचिव म्हणाले, "संगणक आमचा, वीज आमची, दूध आमचं, पण कुलूप त्यांचं. काय करता?"

असे कुलूप नसलेली सॉफ्टवेअर आहेत आणि त्यांना मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात. शेतकऱ्याला ही गोष्ट समजावून सांगायची गरज नाही. देशी वाणाचे बी घरात ठेवता येते, शेजाऱ्याला देता येते, निवडून सुधारता येते. संकरित बियाण्याची पिशवी मात्र दर हंगामाला दुकानातून आणावी लागते. मुक्त सॉफ्टवेअर हे घरच्या बियाण्यासारखे. त्याचे मूळ लिखाण सर्वांना खुले असते. कोणीही ते वापरावे, तपासावे, बदलावे आणि दुसऱ्याला द्यावे. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये या कामाची घोषणा केली. फिनलंडचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहिला. आज आपल्या खिशातला अँड्रॉइड फोन त्याच गाभ्यावर चालतो. म्हणजे बाजारभाव पाहणारा शेतकरी हे बियाणे रोज वापरतो, फक्त त्याला ते ठाऊक नसते.

आकडे काय सांगतात?

या बियाण्याची किंमत किती? हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या संशोधकांनी २०२४ मध्ये त्याचा अंदाज मांडला. जगभर वापरात असलेली अशी सॉफ्टवेअर एकदा नव्याने लिहून काढायची तर सुमारे ४१५ कोटी डॉलर लागतील. पण ती नसती आणि प्रत्येक कंपनीला आपापली तयार करावी लागली असती, तर खर्च ८.८ लाख कोटी डॉलरवर गेला असता. एकदा पेरले आणि सगळ्यांनी कापले, असा हा हिशेब आहे.

आपल्या देशात मोठा प्रयोग केरळने केला. तेथे २००१ मध्ये शाळांसाठी आयटी ॲट स्कूल हा प्रकल्प सुरू झाला आणि पुढे सरकारी शाळांतले संगणक लिनक्सवर आणले गेले. २०१७ मध्ये या प्रकल्पाची 'काइट' नावाची सरकारी कंपनी झाली. दोन लाखांहून अधिक संगणकांवर मुक्त सॉफ्टवेअर बसवून ३००० कोटी रुपये वाचवल्याचे तिने २०१९ मध्ये सांगितले.

हा आकडा मात्र जरा चाळणीतून काढून घ्यावा. एका संगणकावर विकतची सगळी सॉफ्टवेअर घातली तर दीड लाख लागतील, असे धरून तो काढलेला आहे. कोणती शाळा प्रत्येक संगणकामागे दीड लाख मोजणार होती? बहुतेक शाळांनी ते घेतलेच नसते, किंवा चोरीची नक्कल टाकली असती. तेव्हा ३००० कोटी कुठे बँकेत पडून आहेत, असे कोणी समजू नये.

केरळची खरी कमाई वेगळी आहे. तिथे हजारो शिक्षकांना हे काम शिकवले गेले. पुस्तके मल्याळममध्ये त्याच सॉफ्टवेअरवर बेतली. परीक्षाही त्यावरच घेतली. यंत्र बिघडले तर सांगायला माणूस जिल्ह्यातच. बियाणे घरचे असले तरी ते निवडावे लागते, कीड लागू नये म्हणून जपावे लागते. ते जपणारे हात केरळने आधी तयार केले.

आपल्याकडे काय?

आपल्याकडेही हे बियाणे रुजलेले आहे. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, म्हणजे पोकरामध्ये, गावाच्या पाण्याचा ताळेबंद काढण्यासाठी मुंबईच्या आयआयटीने साधन तयार केले, ते क्यूजीआयएस या नकाशाच्या मुक्त सॉफ्टवेअरवर. पाऊस किती, माती किती धरते, पिकाला किती लागते याचा मेळ त्यावर घातला जातो. अशी विकतची सॉफ्टवेअर महाग असतात. गावागावात ती पुरवायची म्हटले तर खर्च पेलवत नाही.

मग सगळीकडे हेच का नाही? कारण फुकट म्हणजे बिनखर्ची नव्हे. संस्थेचा जुना हिशेब नव्या ठिकाणी हलवायचा तर मजुरी पडते. एमएस-सीआयटी केलेल्या पोरापोरींची बोटे प्रामुख्याने विंडोजवर बसलेली. तालुक्यात लिनक्स जाणणारा शोधावा लागतो. नवे अंगावर पडले आणि बिल वेळेवर निघाले नाही, तर सभासद सचिवालाच धरणार. सचिवाची भीती खोटी नाही.

दुसरी बाजूही पाहावी. गावविहिरीचे पाणी सगळे भरतात, गाळ काढायला मात्र चार माणसे मिळत नाहीत. इंटरनेटवरचे व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये २०१४ मध्ये मोठे भगदाड सापडले. जगभरच्या बँका-कंपन्या ज्यावर विसंबून, त्या कामाला तेव्हा पूर्णवेळ माणूस एकच होता. हे पाहून काही कंपन्या आता हात ढिला करू लागल्या आहेत. बंगळूरच्या झेरोधाने २०२४ मध्ये अशा कामांसाठी वर्षाला १० लाख डॉलर देण्याचे जाहीर केले.

यात रोजगारही आहे. मुंबईच्या फ्रापे कंपनीने ईआरपीनेक्स्ट हे हिशेबाचे सॉफ्टवेअर सर्वांना मोकळे ठेवले आहे. ती कमावते ते ते चालवून देण्यावर आणि सेवेवर. हेच काम तालुक्याच्या गावी का होऊ नये? परवान्याचा पैसा जिल्ह्याबाहेर जातो. दुरुस्तीची मजुरी मात्र इथल्या पोराच्या हातात पडते आणि इथल्याच बाजारात खर्च होते.

म्हणून दूध संस्था, पतसंस्था, ग्रामपंचायत यांनी उद्याच सगळे बदलावे, असे कोणी म्हणत नाही. पण पुढचा करार करताना दोन अटी लिहून घ्याव्यात. आमचा सगळा हिशेब कोणत्याही संगणकावर उघडेल अशा रूपात दर महिन्याला आमच्या हाती द्यावा. आणि करार संपला तरी जुन्या नोंदी आम्हाला पाहता याव्यात. याला पैसा लागत नाही, सही करण्यापूर्वी विचारायचे धाडस लागते. शिवाय वार्षिक सभेत एक ठराव करून गावातल्या दोन होतकरू मुलांच्या शिक्षणाला थोडी रक्कम काढावी. पहिल्या वर्षी तो खर्च जड वाटेल.

त्या सचिवांना हे सांगितले. ते म्हणाले, "मुलं आहेत हो आमच्याकडे. शिकवणार कोण, तेवढं सांगा." जिल्ह्यातली कॉलेजे, आयटीआय आणि जिल्हा दूध संघ यांनी या प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे.