जुलैत रोप, मार्चमध्ये राख

पुण्यातल्या कंपन्यांमध्ये काम करणाऱ्यांना आणि त्यांच्या साहेबांना जाहीर आवाहन



दर जुलैत तुमच्या कंपनीची बस टेकडीच्या पायथ्याशी थांबते. एकसारखे टी-शर्ट घातलेली माणसं उतरतात, आधीच खणून ठेवलेल्या खड्ड्यांत रोपं लावतात, फोटो काढतात, वडापाव खातात आणि जातात. यात वाईट काही नाही. पण मार्चमध्ये त्याच टेकडीवर पुन्हा चढून पाहिलंत का? वाळलेलं गुडघाभर गवत एका दुपारी पेटतं आणि तुमच्या रोपाच्या जागी काळी काडी उरते. 2019 साली राज्यात 33 कोटी झाडं लावण्याचा संकल्प सोडला गेला. लावायच्या झाडांचा आकडा सगळ्यांना पाठ होता. जळालेल्यांचा कोणी विचारला?

आमचं म्हणणं एकच आहे. रोप लावायला नाही आलात तरी चालेल, वणव्याच्या आधी या!

आपल्याकडे वणवा आभाळातून पडत नाही, तो माणूसच लावतो. गवत जाळलं की पुढच्या वर्षी जोमानं येतं हा समज, बांधावर पेटवलेला पालापाचोळा, फेकलेली विडी. आणि राग मानू नका, शुक्रवारी रात्री टेकडीवर पार्टी करून न विझवता सोडलेली शेकोटीसुद्धा. गुराख्याकडे बोट दाखवण्याआधी आपल्या हातातली सिगारेट बघा. टिटवी, लावा, चंडोल हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. त्यांच्या पिल्लांना पळायला वाट कुठली? गवताचं पांघरूण गेलं की वळवाच्या पहिल्या सरीला माती ओढ्यात जाते.

यावरचा उपाय जुना आहे आणि स्वस्तही: जाळरेषा. गवत वाळू लागलं की त्यातला एक पट्टा कापून, झाडून मोकळा करायचा. सगळी टेकडी सोलायची नाही. आगीला पुढे खायला काही उरलं नाही, की ती तिथेच अडते. आग चढावर वेगानं धावते. चढ दहा अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून पट्टा कुठे आणि किती रुंद, हे वनरक्षक सांगतील. आपण विळा, दाताळं आणि खराटा चालवायचा. मार्च 2023 मध्ये गोव्यात म्हादईच्या परिसरात वणवे पेटले, तेव्हा नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी ओतत होती. डिसेंबर-जानेवारीत विळा चालला, तर मार्चमध्ये हेलिकॉप्टर बोलावण्याची पाळी टळू शकते.

कोणी म्हणेल, हे तर वन विभागाचं काम. त्यांचंच आहे, आणि ते त्यांच्याकडून करून घेतलंच पाहिजे. पण एकेका वनरक्षकाच्या वाट्याला शेकडो हेक्टर रान येतं. त्याला हात हवे आहेत, भाषणं नकोत.

कोणी म्हणेल, आम्हाला आगीतलं काय कळतं? खरं आहे. म्हणूनच पेटलेल्या वणव्यात उतरायचं नाही. 11 मार्च 2018 रोजी तमिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात वणव्यानं वेढलेल्या ट्रेकर्सपैकी वीसहून अधिक जणांचा जीव गेला. हौशी माणसाचं काम आगीच्या आधीचं.

आमच्या मागण्या अशा:

1. जाळरेषेसाठी कंपनीनं कामाचा, पगारी दिवस द्यावा. कर्मचाऱ्याची सुटी खर्चून कंपनीनं पुण्य मिळवू नये.

2. दरवर्षी नवी टेकडी आणि नवा फोटो नको. एकच टेकडी घ्या आणि पाच वर्षं सांभाळा. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विळा उचलू नका.

3. कंपनी अधिनियम, 2013 च्या कलम 135 खाली येणाऱ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान 2 टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात, आणि त्या कामांच्या यादीत पर्यावरण आहे. त्यातून टी-शर्ट छापू नका. वणवा विझवायला धावणाऱ्या हंगामी मजुरांना बूट, पाणी आणि विमा द्या. त्यांची रोजी आपल्या फुकटच्या श्रमदानानं बुडता कामा नये.

4. भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहानं टिपलेल्या आगींचे इशारे मोबाइलवर पाठवते. प्रत्येक कंपनीत निदान दोघांनी त्यासाठी नाव नोंदवावं. धूर दिसला की व्हिडिओ काढण्याआधी वन विभागाला 1926 वर फोन करावा.

यंदाच्या जुलैत साहेबांनी रोपांचा आकडा सांगितला, की सभेत उठून एवढंच विचारा: गेल्या वर्षीची किती जगली?

आपले,
तुमच्याच कंपन्यांत राबणारे, टेकडीच्या पायथ्याशी राहणारे काही जण

(वाचून झालं की पत्रक शेजारच्या टेबलावर द्या. टेकडीवर टाकू नका; कागदही पेटतो.)