टसरचा पतंग आणि मोजक्या रात्री

पहिले दमदार पाऊस झाले की पूर्व विदर्भात, जंगलालगतच्या गावांत, ओसरीवरच्या दिव्याला पंजाएवढा पतंग येऊन धडकतो. विषारी असेल या शंकेने बहुतेक घरांत केरसुणी उचलली जाते. वास्तविक हा पतंग डंख मारत नाही आणि चावतही नाही. चावायला त्याला कामाचे तोंडच नाही. हा टसर रेशमाचा, म्हणजे ज्याच्या धाग्याला कोसा म्हणतात त्या रेशमाचा पतंग. शास्त्रीय नाव अँथेरिया मायलिटा.

त्याची ओळख अवघड नाही. चारही पंखांवर एकेक गोल डोळा, आणि त्या डोळ्याच्या मध्यभागी काचेसारखा पारदर्शक ठिपका. नर बहुधा तांबूस तपकिरी, त्याच्या मिशा पिसासारख्या रुंद. मादी पिवळसर किंवा राखाडी, पोट जाड. ॲटलास पतंगाशी अनेकांची गल्लत होते, पण त्याच्या पंखांवर गोल डोळे नसतात, त्रिकोणी खिडक्या असतात.

या जिवाचे सगळे खाणे अळीच्या वयात उरकते. ऐन किंवा अर्जुनाच्या पानांवर ती हिरवीगार अळी चार वेळा कात टाकते. पावसाळी पिकात याला महिनाभर किंवा थोडे अधिक लागते, थंडीत बरेच जास्त. मग ती अंड्याच्या आकाराचा टणक कोष विणते. त्या कोषाला देठ असतो आणि देठाच्या टोकाला फांदीला घट्ट धरणारे कडे. वाऱ्यापावसातही तो सुटत नाही. हिवाळ्यातला कोष उन्हाळाभर सुप्त राहतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर पतंग धागे सैल करून बाहेर येतो. पुढे त्याच्या हाती जेमतेम आठवडा असतो, तोही उपाशी. त्यातच जोडीदार शोधायचा, आणि मादीने दीडशे ते अडीचशे अंडी घालायची. रात्रभर उगाच जळणारा दिवा त्यातली एखादी रात्र खातो.

पण दिव्यापेक्षा मोठा प्रश्न मादीच्या पोटातला आहे. पेब्रिन हा रेशीमकिड्यांचा जुना रोग नोसेमा जातीच्या सूक्ष्मजीवामुळे होतो आणि आईकडून थेट अंड्यात उतरतो. वरून धडधाकट दिसणारी मादी आजारी पिढी देऊ शकते. लुई पाश्चर यांनी 1865 पासून काही वर्षे फ्रान्समधल्या तुतीच्या रेशीमकिड्यांवर काम करून उपाय दाखवला: अंडी घालून झालेली मादी कुटायची, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची आणि रोगाचे बीजाणू दिसले तर तिची अंडी नष्ट करायची. आजही याहून खात्रीचा मार्ग नाही, कारण रोग एकदा अंड्यात गेला की अळीला औषध देऊन पीक वाचत नाही.

गडचिरोली, भंडारा भागातली ढिवर कुटुंबे टसरच्या अळ्या बंद खोलीत नव्हे, जंगलातल्या झाडांवर वाढवतात. पाखरे, मुंग्या, गांधीलमाशा यांच्यापासून त्या राखत आठवडेच्या आठवडे रानात काढतात. ही राखण कितीही चोख असली तरी अंडीपुंज रोगट निघाले तर महिन्याची मेहनत झाडावरच सडते. तपासलेले अंडीपुंज वेळेवर मिळाले नाहीत, तर घरच्या कोषांची न तपासलेली अंडी वापरण्यावाचून गत्यंतर नसते. त्यासाठी संगोपन करणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही.

म्हणून रेशीम खात्याच्या खर्चात पहिला हक्क बीजाचा असला पाहिजे. विदर्भाच्या उन्हाळ्यात तापलेल्या खोलीत सुप्त कोष मरतात किंवा पतंग अवेळी बाहेर पडतात. बीजकोषांना थंड, हवेशीर जागा हवी. गावाजवळ सूक्ष्मदर्शक हवा आणि तो वाचू शकणारी गावातलीच प्रशिक्षित मुले-मुली हवीत. बीजागारात दिवसभर पतंग हाताळणाऱ्यांना पंखांच्या भुकटीने शिंका, दमा होऊ शकतो. त्यांना मास्क देणे फारसे खर्चाचे नाही. भंडाऱ्याच्या नावाने ओळखला जाणारा टसरचा स्थानिक वाणही याच बीजसाखळीवर टिकणार आहे. ही सगळी तयारी मे महिन्यात पूर्ण झालेली हवी, कारण पाऊस पडला की पतंग सरकारी मंजुरीची वाट पाहत नाहीत.