जळजळ शमली, तरी पहारा हवा

पेढीवर बसणाऱ्या अनेकांच्या गल्ल्यात ओव्याची पूड किंवा आम्लपित्ताची गोळी हमखास सापडते. छातीतील जळजळ, आंबट ढेकर, रात्री घशाशी येणारे पाणी यांना ते आजार मानीतच नाहीत. परंतु वर्षानुवर्षे जठरातील आम्ल वर येत राहिले, की काही जणांच्या अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचे मूळ अस्तर नाहीसे होऊन तेथे आतड्यासारखे अस्तर तयार होते. या अवस्थेला ‘बॅरेट अन्ननलिका’ म्हणतात. लंडनचे शल्यविशारद नॉर्मन बॅरेट यांनी १९५० साली या विषयावर लेख लिहिला; त्यांचेच नाव पुढे रूढ झाले.

हे नवे अस्तर आम्ल अधिक सोसते. त्यामुळे कित्येकदा जळजळ कमी होते आणि रुग्ण स्वतःला बरा समजू लागतो. फसगत होते ती येथेच. कारण याच अस्तरात पुढे कर्करोग उद्भवू शकतो. ही शक्यता दरवर्षी शंभरांत एकाहूनही कमी असते. म्हणून भयाचे कारण नाही, पण दुर्लक्षही परवडणारे नाही.

निदान केवळ लक्षणांवरून होत नाही. त्यासाठी दुर्बिणीने, म्हणजे एंडोस्कोपीने, अन्ननलिका पाहून लालसर दिसणाऱ्या भागाचे दर दोन सेंटिमीटरवर चारही बाजूंनी सूक्ष्म तुकडे तपासणीस पाठवितात. दीर्घकाळ जळजळ असलेले, पन्नाशी ओलांडलेले, पोटाचा घेर वाढलेले, तंबाखू सेवन करणारे पुरुष आणि ज्यांच्या घरात हा आजार झाला आहे, अशांनी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

पेशींत बिघाड नसेल आणि बदललेला भाग तीन सेंटिमीटरहून कमी असेल, तर साधारणतः पाच वर्षांनी पुन्हा तपासणी करतात. त्याहून अधिक असल्यास तीन वर्षांनी. बिघाड आढळल्यास दुसऱ्या तज्ज्ञाकडून अहवालाची खातरजमा करून घेतात. अशा वेळी बहुधा अन्ननलिका न काढताही दुर्बिणीतूनच ते अस्तर उष्णतेने नष्ट करता येते.

सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याची घरची चाल येथेही हितकारक आहे. भोजन आणि निद्रा यांत किमान तीन तास जावेत. गोळी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे जेवणापूर्वी घ्यावी, बरे वाटले म्हणून परस्पर सोडू नये. घास अडकणे, वजन घटणे, काळी शौच होणे ही लक्षणे दिसल्यास मात्र ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये.

जुने अहवाल एकत्र जपावेत आणि पुढील तपासणीची तारीख घरातील आणखी एकाला ठाऊक असावी. पाच वर्षांनंतरची तारीख एकट्याच्या स्मरणावर सोडणे इष्ट नव्हे.